डाव्या दाराचा फर्मा

वहिनींनी तीस वर्षं कपडे शिवले. मग लोक तयार कपडे घ्यायला लागले आणि त्यांच्या वाट्याला चेन बदलणं नि पँट आखूड करणं एवढंच उरलं. त्यांचे धाकटे दीर जुन्या गाड्यांच्या काचा कापायचे. अशा गाड्यांच्या काचा बाजारात मिळत नाहीत. खिडकीच्या चौकटीचा हुबेहूब फर्मा करून त्यावरून नवी कापावी लागते. दिरांचा हात काचेवर पक्का, पण फर्मा करत बसण्याचा धीर त्यांच्यात नव्हता. "तुम्ही कपड्यांच्या मापाचे कागद कापता ना, तसंच आहे," असं म्हणून ते वहिनींना कारखान्यात घेऊन गेले.

तसंच नव्हतं. कापड कापताना शिवणीसाठी कडेनं बोटभर माया सोडायची, ही वहिनींच्या हाताची सवय. काचेचं उलटं. चौकटीत रबराची पट्टी बसते, म्हणून काच थोडी लहानच हवी. वहिनींनी पहिल्याच फर्म्याला माया सोडली, दिरांनी विश्वासानं काच कापली आणि ती काही केल्या आत जाईना. "माया माणसांवर करा वहिनी, काचेवर नको," दीर म्हणाले. घरी हे ऐकून नवऱ्याला हसता हसता ठसका लागला. वहिनी मात्र ओशाळल्या, आणि तेव्हापासून आधी कागद, मग पुठ्ठा, मग पातळ प्लायवुड असं करत, कानशीनं घासत, चारही बाजूंना फट सारखी येईपर्यंत त्या फर्मा हातावेगळा करत नसत.

एकदा एक निवृत्त डॉक्टर आपली जुनी गाडी घेऊन आले. सोबत बायको होती. मागच्या डाव्या दाराची काच झाडाची फांदी पडून फुटली होती. दोन कारागिरांनी उजव्या काचेवरून माप घेऊन नवी बसवली. एक बसवतानाच तडकली, दुसरी आठवडाभरात. डॉक्टरांनी पुन्हा उजवीच काच काढून पुढे केली.

वहिनींनी ती बाजूला ठेवली आणि डाव्या चौकटीला कागद लावला. पेन्सिल कडेनं फिरवली, कागद उलटा करून उजव्या दारावर धरला. खालचा कोपरा जुळेना. डावी चौकट तिथे अर्धं बोट आत होती. त्यांनी दाराचं आतलं अस्तर सैल केलं, तर पत्र्यावर ठोकल्याच्या खुणा.

"हे दार कधीतरी चेपलं होतं," वहिनी म्हणाल्या.

डॉक्टरांना ते पटेना. गाडी त्यांनी नवी कोरी घेतली होती, तिला कधी ओरखडासुद्धा पडलेला नाही, असं ते ठासून सांगू लागले. बायको स्टुलावर बसून ऐकत होती.

"पडलाय," ती म्हणाली. "मी फाटकाच्या खांबाला घासली होती. तुम्ही परगावी होतात. चार दिवसांत दुरुस्त करून घेतली, काचही नवी कापून बसवली."

डॉक्टर तिच्याकडे बघत राहिले. "पण मला दिसलं कसं नाही?"

"तुम्ही मागच्या सीटवर बसलात कधी?"

दिरांनी हसू लपवायला तोंड फिरवलं. डॉक्टर मात्र हसले नाहीत. हळूच म्हणाले, "त्याच सुमारास तू चालवणं सोडलंस. मला वाटलं, तुला कंटाळा आला."

"भीती बसली होती. आणि सांगायची त्याहून जास्त."

वहिनी प्लायवुड घासायला बसल्या, तेव्हा डॉक्टर आपणहून दुसरं टोक धरून उभे राहिले. वहिनींनी डाव्या दाराला डाव्याचाच फर्मा केला, वाकड्या कोपऱ्यासकट. दुपारी काच कापून झाली. रबरात सरकवली, तशी ती हलकेच दाबताच बसली. डॉक्टरांनी दार चारदा आपटून पाहिलं. काच हूं की चूं करेना.

निघताना डॉक्टरांनी किल्ली बायकोपुढे धरली. तिनं नको म्हटलं. दुसऱ्यांदा धरली तेव्हा घेतली, आणि अंगणातल्या अंगणात दोन फेऱ्या मारल्या, पहिलीत गाडी तीनदा बंद पडली. डॉक्टर बाजूच्या सीटवर हात मांडीवर ठेवून अगदी गप्प बसले होते. नंतर रस्त्यावर मात्र त्यांनीच गाडी घेतली.

पुढच्या महिन्यात डॉक्टरांच्या बायकोचा फोन आला. काच ठीक आहे, असं तिनं सांगितलं. मग म्हणाली, आता रविवारी सकाळी रस्ता रिकामा असताना गाडी तीच चालवते. वहिनींनी पेन्सिल कानामागं खोवली आणि म्हटलं, "छान झालं. सावकाश चालवा."