पुण्याजवळ

परदेशातल्या आमच्या बुकित बातोक उपनगरात, खाण्याच्या स्टॉल्सनी भरलेल्या हॉकर सेंटरमध्ये दर रविवारी एक वृद्ध स्कॉटिश गृहस्थ दिसत. एकदा आम्ही एकाच टेबलावर आलो. नाव मी विचारलं नाही, गाव विचारलं.

"क्लॅकमॅननशायर. स्कॉटलंडमधला सगळ्यात चिमुकला परगणा, आणि त्याचाच आम्हाला तोरा!" कॉफीत बोट बुडवून त्यांनी टेबलावर वर डोंगर काढले, खाली नदी. "मधे आम्ही. तुमचं?"

"पुण्याजवळ."

"किती जवळ?"

"गाडीनं नऊ तास."

ते खदखदून हसले. "मग आम्ही लंडनजवळचे!" त्यांनी कप पुढे सरकवला. "काढा."

मी वर गोदावरी काढली, खाली बालाघाटचे डोंगर, आणि मधे बोट टेकवलं. "गंगाखेड."

शेजारी माझी मुलगी होती, इथेच वाढलेली, इथलंच इंग्रजी बोलणारी. "बट पप्पा, यू ऑल्वेज से पुणे, लाह!" मग तिनं ते नाव उच्चारून पाहिलं. "गँगाकेड."

मला हसता आलं नाही. घरात मी ते नाव कधी घेतलंच नव्हतं.