मिलिंदने कापलेली माझी सही

मिलिंद गेल्याचा मेसेज ऑफिसच्या ग्रुपवर आला तेव्हा मी बोरीवलीच्या मंडईत भेंडी निवडत होते. हार्ट अटॅक, पहाटे, घरीच. भेंडी तशीच टाकली आणि उगाच सोसायटीभोवती तीन चकरा मारल्या. सहा आठवडे झाले, अजून एका जागी बसवत नाही. कारण सरळ सांगते... आठ महिने मी त्याच्याशी बोलत नव्हते.

अंधेरीच्या आमच्या कंपनीत आम्ही दोघं प्रशासन विभागात, टेबलाला टेबल लागून, डबा एकत्र. गेल्या वर्षी तो एका ट्रेनिंगला गेला आणि ‘लीन’चं खूळ घेऊन आला. कामातलं फुकटचं शोधायचं आणि काढून टाकायचं. एक दिवस पाहते तर हा रजेच्या अर्जामागे घड्याळ घेऊन टेबलाटेबलावर हिंडतोय.

“काय रे, कागदाचा बॉडीगार्ड झालास?”

“बघतोय गं, हा चालतो किती आणि झोपतो किती.”

अर्ज चालला बारा मिनिटं, झोपला नऊ दिवस. त्यातले चार माझ्या टेबलावर! कारण मी आठवडाभर अर्ज साठवायचे आणि शुक्रवारी एकगठ्ठा सह्या करायचे. खरं सांगू? लोक “मॅडम, माझं बघा ना” करत यायचे, ते मला आवडायचं. शिल्लक रजा कॉम्प्युटर आधीच तपासत होता, तेच मी पुन्हा तपासत होते. मिलिंदने हा सगळा हिशोब कागदावर मांडून भिंतीवर लावला आणि अर्जावरची माझी सही काढून टाकली.

“एकोणीस वर्षं सही करतेय मी! सगळ्यांसमोर वाट लावलीस माझी.”

“शुभा, सही कापली गं. तुला कुठे कापलंय?”

“एकच आहे ते!” म्हणाले, आणि डबा उचलून दुसरीकडे बसले. काय हा हट्ट! तो रोज सकाळी “काय शुभा” म्हणायचा, मी स्क्रीनकडे बघायचे. आज बोलू, उद्या बोलू करत राहिले.

पुढे त्याने आणखी एक काम हाती घेतलं. कर्मचारी गेला की घरच्यांना सात-आठ खेपा पडायच्या, प्रत्येक खिडकीवर तेच दुःख नव्याने सांगायचं. त्याने सगळे कागद एका टेबलावर आणले. एकच खेप, एकच माणूस. त्या माणसाच्या जागी त्याने माझं नाव लिहिलं होतं. साहेबांना म्हणाला म्हणे, रडणाऱ्या माणसाजवळ बसायला शुभाच हवी, आता तिला वेळही आहे. हे कळलं तरी मी गप्पच. एवढी कसली मस्ती होती मला, देव जाणे.

मागच्या आठवड्यात वहिनी आल्या, मिलिंदची बायको. मी सगळं तयार ठेवलं होतं. पाव तासात सह्या झाल्या, त्या उठल्या. पूर्वी माणसं तासन् तास ताटकळायची, त्यात काहीतरी बोलणं निघायचं. त्याने तेवढी सवडच ठेवली नव्हती.

“वहिनी, बसा ना... काम झालंय. पण बसा.” मग बोललेच. “मी त्याच्याशी बोलत नव्हते. माझंच चुकलं.”

“माहीत आहे,” त्या पर्स बंद करत म्हणाल्या. “घरी आले की चप्पल काढता काढता सांगायचे, आजपण नाही बोलली शुभा.”

“रोज?” मी विचारलं.

“रोज.”