हिरव्या वायरचं दुसरं टोक

माझ्या बायकोला दीड वर्ष घरातल्या नळाचा शॉक बसत होता, आणि तो मी देत होतो. हे वाक्य मी गेल्या महिन्यापासून मनाशी किती वेळा म्हणून पाहिलं असेल, त्याला हिशोब नाही. दर वेळी तितकाच हादरतो. मी एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. अर्थिंगची आकृती मी फळ्यावर पुस्तक न उघडता काढायचो, आणि ज्याला ती जमत नसे त्याला बाकावर उभं करायचो.

तर, आमच्या घरात एक अ‍ॅम्प्लिफायर आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी सुटे भाग आणून मीच तो जोडला. लोखंडी पत्र्याचा डबा, पुढे तीन बटणं, आत हातभर वायरींचा गुंता. बायको त्याला डबाच म्हणते. वडनेर भोलजीत आमच्या गल्लीत सकाळी सहाला माझ्या डब्यावर भजन लागतं, आणि ज्यांना ते आवडत नाही त्यांनी तसं अजून तोंडावर सांगितलेलं नाही.

अगदी सुरुवातीला त्या डब्यातून गाण्यामागे एकसारखा घूं असा आवाज यायचा. घराच्या वायरिंगला अर्थिंग नव्हतं, हे त्याचं कारण. मग मी शक्कल लढवली. डब्याच्या पत्र्याला एक हिरवी वायर जोडली, ती भिंतीला भोक पाडून पलीकडे मोरीत नेली आणि नळाच्या लोखंडी पाइपला पट्टीनं आवळून टाकली. पाइप थेट जमिनीतून यायचा. पत्र्यात चुकून करंट उतरला तर तो पाइपावाटे जमिनीत जाणार, माणसाला लागणार नाही. आवाज थांबला. त्या वायरीचं कौतुक मी घरी आलेल्या पाहुण्यांना चहाआधी ऐकवायचो.

दीड वर्षापूर्वी घूं परत आला.

मी चिडलो. स्वतःच्या हातानं केलेली वस्तू अशी उलटली की राग येतोच. मी फिल्टरचा कंडेन्सर बदलला. फरक पडला नाही म्हणून दुसऱ्या दुकानातून आणून पुन्हा बदलला. सगळे जोड तापवून नव्यानं सोल्डर केले. आतल्या वायरी ट्रान्सफॉर्मरपासून लांब सरकवल्या. स्पीकर बदलून पाहिले, मोबाइलची पिन बदलून पाहिली. काय केलं आणि काय झालं, ते वहीत लिहून ठेवलं. आवाज सकाळी जास्त की दुपारी, पंखा चालू असताना की बंद असताना, अशा बारीकसारीक नोंदी केल्या. एखाद्या रोग्याची कोणी केली नसेल इतकी मी त्या डब्याची विचारपूस केली.

त्याच दिवसांत बायको म्हणू लागली, की हात झिणझिणतात. "नळ चावते," असं तिचं म्हणणं होतं. एकदा तर तिनं स्वच्छ सांगितलं, "तुमचं भजन लागलं का नळ चावते. बंद असलं का नाही चावत."

मी हसलो. नुसता हसलो असतो तरी चाललं असतं. मी ते बसस्टँडजवळच्या कट्ट्यावर जाऊन सांगितलं. आमच्या घरचा नळ नास्तिक आहे, भजन लागलं की चावतो, असं म्हणालो आणि चार म्हाताऱ्यांना हसवलं. घरी येऊन तिला वर समजावलं, की या वयात शुगरमुळे नसा कमजोर होतात आणि मग असे भास होतात. भास, हाच शब्द वापरला होता मी.

तिला डॉक्टरकडे नेलं, ते कर्तव्य मी चुकवलं नाही. पण तिथंही बोललो मीच. डॉक्टरांनी तिला विचारलं, की कधी होतं हे. मी म्हणालो, सकाळी होतं, बहुतेक हात अंगाखाली दबत असेल. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पदर नीट केला. शुगर थोडी वाढलेली निघाली. डॉक्टरांनी ऐकलं त्यावरून गोळ्या दिल्या. मी बाहेर पडताना अगदी जिंकल्यासारखा चालत होतो.

गेल्या महिन्यात एका सकाळी डब्याला जळका वास आला. मी तो बंद केला, प्लग काढला आणि नांदुऱ्याच्या माझ्या जुन्या मित्राला फोन लावला. त्याचा जन्म रेडिओ दुरुस्त करण्यात गेला. माझी सगळी वही मी त्याला फोनवर वाचून दाखवली.

"मास्तर, कंडेन्सर कंडेन्सर लावून राह्यले तुम्ही," तो म्हणाला. "ट्रान्सफार्मर पाहा. बॉडीत करंट उतरला असंल. बल्ब लावून पाहा."

"माह्या डब्याले अर्थिंग आहे," मी म्हणालो.

"असंल. पाहाले काय जाते?"

मला ते लागलं. त्याला खोटं पाडायचं म्हणूनच मी कामाला लागलो. खिडकीबाहेर अंगणात एक सळई हातभर खोल ठोकली. भोवतालची माती ओली करायला पाणी हवं होतं. मी हाक मारली आणि बायकोनं बादली भरून आणून दिली. मग झिरोच्या बल्बची एक वायर सळईला बांधली, दुसरी डब्याच्या पत्र्याला. अर्थिंग शाबूत असेल तर बल्ब पेटायचं कारण नव्हतं. मी लाकडी पाटावर उभा राहिलो, पायात चप्पल होती, आणि प्लग लावून बटण दाबलं.

बल्ब पेटला. तांबूस, मंद, पण पेटला.

माझा विश्वास बसेना. वाटलं आपणच काहीतरी उलटं जोडलं. बटण बंद करून दोन्ही वायरी सोडल्या, पुन्हा बांधल्या, पुन्हा बटण दाबलं. पुन्हा पेटला. म्हणजे ट्रान्सफॉर्मरचं आतलं आवरण कधीचंच जळलं होतं आणि पत्र्यात करंट होता. पण मग तो हिरव्या वायरीतून जमिनीत का जात नव्हता? मी वायरीकडे पाहिलं. डब्यापासून भिंतीच्या भोकापर्यंत ती जशीच्या तशी होती. भिंतीपलीकडे पाइप होता, आणि पाइप पुढे...

पाइप पुढे कुठंच जात नव्हता. दीड वर्षापूर्वी आम्ही गच्चीवर टाकी बसवली होती. टाकी प्लॅस्टिकची, तिथून खाली आलेला पाइप प्लॅस्टिकचा. जमिनीतून येणारी जुनी लाइन कापून टाकली होती. भिंतीतला दीड-दोन हात लोखंडी तुकडा तेवढा राहू दिला, कारण भिंत फोडू नको असं प्लंबरला मीच बजावलं होतं. दिवसभर खुर्ची टाकून मी त्याच्यासमोर बसलो होतो आणि सूचना देत होतो. जमीन सुटली, हे माझ्या ध्यानातही आलं नाही. डब्यातून झिरपलेला करंट आता त्या तुकड्यात येऊन थांबत होता, आणि तुकड्याच्या टोकाला नळ होता.

हे सगळं डोक्यात जुळत होतं, तेवढ्यात भिंतीपलीकडून पाण्याचा आवाज आला. बायकोनं भांडी घासायला नळ सोडला होता.

मला ओरडायचं होतं. पण त्याआधी हातानं प्लग ओढून काढला. मग मी भिंतीला धरून तसाच उभा राहिलो. पाण्याचा आवाज चालू आहे की थांबला, हेही मला कळत नव्हतं. मोरीच्या दारात गेलो तेव्हा ती प्लॅस्टिकच्या पाटावर बसून कढई घासत होती. गुडघे दुखतात म्हणून तो पाट तिनं आणला होता. माझ्या अंदाजानं त्या पाटानंच तिला वाचवलं, माझ्या विज्ञानानं नाही.

तिला मी उठवून बाहेर काढलं. काय करतो ते सांगितलं नाही. आत जाऊन प्लग पुन्हा लावला आणि टेस्टर घेऊन मोरीत आलो. नळाला टेस्टर टेकवला. टेस्टरमधला दिवा लागला, अगदी लख्ख लागला.

तिथं उभा असताना मला आणखी एक गोष्ट कळली आणि ती पहिलीपेक्षा जास्त लागली. इतके दिवस मला एकदाही शॉक का बसला नाही? कारण तो नळ मी कधी उघडलाच नव्हता. माझं आंघोळीचं पाणी बाथरूममध्ये काढून ठेवलेलं असतं. हात धुवायला पुढे बेसिन आहे, त्याचा नळ प्लॅस्टिकचा. चहाचा कपसुद्धा मी मोरीच्या उंबऱ्यावर ठेवतो आणि परत फिरतो. लग्नाला पस्तीस वर्षं झाली आणि तो नळ कुठल्या बाजूला फिरतो, हे मला माहीत नव्हतं. ज्या नळाबद्दल मी गावभर विनोद सांगितला, त्याला हात लावून पाहावं असं मला एकदाही वाटलं नाही.

मी प्लग काढला. कात्री आणून हिरवी वायर पाइपाजवळ कापली. मग दारात उभ्या असलेल्या बायकोला सगळं सांगितलं. शाळेत सांगायचो तसं क्रमानं सांगायला गेलो, पण मध्येच क्रम चुकला. तिनं पूर्ण ऐकून घेतलं.

"म्हंजे नळच होता," ती म्हणाली.

"हाव. नळच होता. तू बरोबर सांगत होती."

मीच मग, चूक माझी असताना, तिच्यावर चिडलो. सवय कुठं जाते. "तुले माहीत होतं, तर तो नळ वापरत काऊन होती? अंगणात टाकीचा दुसरा नळ आहे."

"तुम्ही म्हणे भास आहे."

"मी म्हटलं म्हणून काय झालं? हात तुह्याच होता ना?"

"आता तुम्ही एवढ्या पोराइले करंटचं शिकवलं," ती म्हणाली. तक्रारीचा सूर अजिबात नव्हता, एखादी साधी गोष्ट सांगावी तसं बोलत होती. "मास्तर म्हणते करंट नाही, तर नसंलच. मले वाटलं, माह्या हातच खोटं सांगून राह्यला."

भांडी तशीच पडली होती, कढईतला साबण वाळत चालला होता. प्लग काढलेला होता, वायर कापलेली होती, नळात करंट येणं शक्यच नव्हतं. हे मला पक्कं ठाऊक होतं, तरी त्या नळाला उघडा हात लावायचा धीर मी अजून गोळा करत होतो.

ती पाटावर बसली, हात पुढे केला आणि मध्येच थांबून माझ्याकडे पाहिलं.

"आता लावू काय हात?"

मी मान हलवली. तिनं लगेच लावला.