जुळ्यांच्या बाई

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही. देवापुढे हात जोडले तेव्हासुद्धा — विषय बदलला.

पण आधी एक सांगते. मी इंग्रजी फार चांगलं शिकवलं. त्यात लाजायचं काय? रत्नागिरीच्या बाजारात भाजी घ्यायला वाकले तरी बँकेतला कुणी, दवाखान्यातला कुणी नमस्कार करतो. आमच्या शाळेच्या भिंतीवर 'शांत राहा' असं इंग्रजीत रंगवलेलं होतं, आणि त्यात 'क्वाएट'च्या जागी 'क्वाइट' होऊन बसलेलं. सगळे गुरुजन वर्षानुवर्षं त्याच्याखालून ये-जा करत होते. मी रुजू झाले त्याच आठवड्यात पेंटरला बोलावून ते पुसायला लावलं. माझा खाक्याच तसा!

हे सारखे दिसणारे शब्द म्हणजे आमच्या पोरांचं मोठं दुखणं. क्वाएट म्हणजे शांत, क्वाइट म्हणजे बऱ्यापैकी. एंजल म्हणजे देवदूत, अँगल म्हणजे कोन. अक्षरं तीच, फक्त जागा बदललेल्या. मी फळ्यावर दोन रकाने आखायचे आणि पुन्हा पुन्हा लिहून घ्यायचे. पोरं मान खाली घालून लिहायची, आणि परीक्षेत देवदूत नव्वद अंशांचा करून ठेवायची.

मग जुळ्यांचा खेळ आला. तुम्ही शिक्षक असाल तर ऐकला असेल. सोमवारी वर्गातल्या दोन मुलांना दोन शब्द द्यायचे, आठवडाभर तीच त्यांची नावं. एंजल सगळ्यांना मदत करणार, अँगल हाताचं कोपर वाकवून कोपऱ्यात उभा राहणार. क्वाएटने बोलायचं नाही. वर्गाने नुसतं नाव ऐकून ओळखायचं, लिहून दाखवायचं. एका आईने तर मला रस्त्यात गाठून विनवलं होतं की आमच्या कार्ट्याला पुढच्या आठवड्यातही क्वाएटच ठेवा. राजापूर, गुहागर, दापोली — कुठे कुठे जाऊन मी हा खेळ शिक्षकांना शिकवला. शाली मिळाल्या, नारळ मिळाले. लोक मला जुळ्यांच्या बाई म्हणू लागले. अजून म्हणतात. कानाला गोड लागतं हो, खोटं कशाला बोलू?

खोटं एकदा बोलून झालंय.

आमच्याकडे पावस गावाहून एक मुलगी शिकवायला यायची, वैशाली. तासिका तत्त्वावर, म्हणजे जेवढे तास तेवढा पगार, नोकरीची हमी नाही. पहिल्या एसटीने यायची, हातात डबा आणि छत्री. खेळ तिचा. मी सुरुवातीला नाक मुरडलं होतं, शाळा आहे की दशावतार, म्हणून. पण तिच्या वर्गातली पोरं चुकेनात, तेव्हा मी गुपचूप दारात उभं राहून बघायला लागले.

ती भावाच्या लग्नासाठी रजेवर असताना तपासणीचे साहेब आले. तिचा वर्ग माझ्याकडे होता. पोरांनी मला विचारलंही नाही, आपणच खेळ सुरू केला. साहेब इतके हसले की बाकावर पोरांत जाऊन बसले. नंतर चहा घेताना त्यांनी विचारलं, "बाई, ही कल्पना कुणाची?"

"माझी," मी म्हटलं.

का? मला काय कमी होतं? हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. वैशाली लग्नाचे लाडू घेऊन परत आली, तेव्हा मुख्याध्यापक सगळ्यांसमोर माझं कौतुक करत होते. मी कपात बघत राहिले. ती म्हणाली, "अभिनंदन, बाई." डबा उघडून पहिला लाडू तिने मलाच दिला. मी तो खाल्ला.

इथपर्यंत असतं तर — घसरली जीभ, असं म्हणून गप्प बसले असते. पण खरी गोष्ट पुढेच आहे.

त्याच मे महिन्यात शाळेत एक कायमची जागा निघाली. मी सगळ्यांत जुनी, म्हणून मुख्याध्यापकांनी मला विचारलं, वैशालीला घेऊ या का? मी होकाराची मान हलवली असती तर काम झालं होतं. पण मग ती जन्मभर माझ्या शेजारच्या वर्गात असती. दर सोमवारी. आज ना उद्या कुणीतरी पोर बोललं असतं की हा खेळ वैशालीबाईंचा. म्हणून मी म्हटलं, "पोर चांगली आहे, पण वर्ग सांभाळायला अजून कच्ची आहे." हे मी विचार करून बोलले. वाक्य आदल्या दिवशीच जुळवून ठेवलं होतं.

माझ्या शब्दाला वजन होतं. जागा दुसऱ्याला गेली. वैशाली पुन्हा कुठल्याच शाळेत लागली नाही. पावसला आंब्याच्या कारखान्यात बिलं करते.

गेल्या वर्षी स्टँडवर भेटली. मी तोंड चुकवणार, तेवढ्यात तिनेच हाक मारली. काय काय ऐकावं लागेल म्हणून मी पदर सावरून उभी राहिले. तिने फक्त विचारलं, "बाई, शुक्रवारी नावांची अदलाबदल करायला सांगता ना? नाहीतर अँगल झालेलं पोर आठवडाभर कोपऱ्यातच राहतं."

मी "हो" म्हटलं. हेही खोटं. वेळ वाचावा म्हणून ती अदलाबदल मी पहिल्याच शिबिरात गाळून टाकली होती. ती खेळात का आहे, हे मला कळलंच नव्हतं.

तिची गाडी लागली, ती गेली.

खेळ चांगला आहे. जिल्ह्यातल्या किती पोरांना त्याने इंग्रजी दिलं, याचा मला आजही अभिमान वाटतो, तो काही जात नाही. फक्त एवढं लक्षात ठेवा — जुळ्यांच्या बाई पावसला राहतात. त्यांचं नाव वैशाली.