बाबांची सायकल आणि दसऱ्याचं ड्रिल

आमच्या घरात कॉलेजला जाणारा मी पहिला, आणि बाबांच्या सायकलीला ड्रिल लावणाराही पहिलाच. पहिल्या गोष्टीची आठवण फक्त आई काढते. दुसरीची सगळे शेजारी!

बाबा कारापूरहून पाळी गावाला सायकलने कामाला जातात. वाटेत खनिजाच्या ट्रकांची लाल धूळ. ती मागच्या ब्रेकच्या तारेत शिरते आणि ब्रेक नेमका उतरणीवर रुसतो. सायकलच्या आडव्या दांड्याखाली तार ओवायला लोखंडाचे दोन छोटे कान असतात. त्यांच्या भोकातून फक्त उघडी तार जाते. वरची प्लास्टिकची नळी कानापाशीच संपते. एका व्हिडिओत मी पाहिलं, भोकं मोठी केली तर अख्खी नळी आरपार जाते. धुळीची वाटच बंद!

“बाबा, करू?” मी भीत भीत विचारलं.

“कर मरे. तू शिकलेलो!”

बापाने ओरडावं, चार रट्टे घालावेत, पण असा विश्वास ठेवू नये! (मी फिजिक्स शिकतो. त्यात घर्षणाचं सूत्र असतं. घर्षणात अडकलेलं बाहेर कसं काढायचं, ते नसतं.)

भीतीपोटी मी काम आज-उद्या करत ढकललं, ते थेट गेल्या दसऱ्याच्या सकाळपर्यंत. ड्रिल शेजारच्या शाणूकाकांचं. ते सुतार. मुलाने आखातातून पाठवलेलं ते नवंकोरं ड्रिल देताना त्यांनी बजावलं, “पूजेच्या आदीं परत हाड हां! आज ताची पूजा करपाची आसा.”

पहिला कान छान झाला. मला उगाच धीर आला. दुसऱ्या कानात ड्रिलने एकदम ‘खर्रर्र’ केलं, माझं मनगट पिरगाळलं आणि सगळं गप्प! ड्रिलचं पातं कानात रुतलं. ओढलं, हलेना. जोर लावावा तर कान तुटायची भीती. मी तेल आणायला स्वयंपाकघरात धावलो.

खोबरेलाची बाटली घेऊन परत येतो तर काय! ओसरीवर आईने कोयता, खोरं, खोबरं किसायची आदोळी, सगळं मांडलं होतं. सायकलला झेंडूची माळ. सायकलला कुंकू. आणि सायकलच्या पोटाला लटकलेल्या ड्रिललाही कुंकू!

“आई! ते काढायचं होतं!”

“आतां हात लायनाका! पूजा जाली. आज अवजारांक विश्रांती.”

आणि शाणूकाका दारात. “ड्रिल खंय रे?”

मी बोट दाखवलं. काका बघतच राहिले. “अरे देवा! थांब, ड्रिलाची चावी हाडून पातें सैल करतां.”

“चावी अवजार न्ही?” आईने विचारलं.

काका डोकं खाजवत घरी गेले आणि करवत, रंधा, पटाशी, हातोडा घेऊन परत आले. ड्रिल इथे, तर बाकीची मंडळी तिथे एकटी कशी पुजायची? दोन घरांची पूजा आमच्या ओसरीवर लागली. मी खांबाआड.

एवढ्यात बाबा आंब्याचे टहाळे घेऊन आले. सायकलकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. “फाल्यां सकाळीं माका पाळीक वचपाचें आसा, पुता,” उद्याच्या कामाची एवढीच आठवण करून दिली, आणि हात जोडले. देवाला की ड्रिलला, कळलं नाही.

संध्याकाळी आपट्याची पानं द्यायला लोक येऊ लागले. प्रत्येकाची नजर तिकडेच.

“सायकलीक मोटर बसयली काय?”

“हय,” बाबा शांतपणे म्हणाले. “आमचो पूत शिकता मरे.”

म्हणजे आता बाबांच्या ब्रेकसोबत त्यांची अब्रूही माझ्या हातात! रात्री डोळे मिटले की दिसायचं: उतरण, समोर ट्रक, आणि बाबा तुटलेला कान धरून म्हणताहेत, “तू शिकलेलो!”

पहाटे देवाला नमस्कार केला आणि ड्रिलवरचं कुंकू पुसायला घेतलं. कुंकवाच्या थराखाली एक बारीक बटण होतं. बोट लागलं, ते सरकलं. घाबरत ड्रिल चालू केलं, तर ते उलटं फिरलं आणि पातं अलगद बाहेर!

“उलटें फिरता?” ड्रिल न्यायला पहाटेच आलेले शाणूकाका ओरडले. “माकाय खबर नाशिल्लें!”

नळी ओवली, तार ताणली, ब्रेक दहा वेळा दाबून पाहिला. बाबा निघाले. मी अनवाणी मागे धावत होतो. (धावून काय करणार होतो, ते आजही ठाऊक नाही.) उतरणीच्या तळाशी ‘कच्च’ आवाज झाला, सायकल जागच्या जागी थांबली. बाबांनी मागे न बघता हात वर केला. मी तिथेच रस्त्यात बसलो.

यंदाच्या दसऱ्याला आईने पूजेची पद्धत थोडी बदलली. मी अंथरुणातून उठायच्या आत, कोयत्याच्याही आधी, तिने माझ्या कपाळाला कुंकू लावलं.

“मला कशाला?”

“पूजा जाली तुजी,” आई म्हणाली. “आतां आज खंयच हात लायनाका!”