तिच्या गाण्यांची फ्लॉपी

जुना कॉम्प्युटर चालू केला की तापलेल्या धुळीचा वास येतो, आणि मी घाटंजीच्या त्या दुकानात जाऊन पोचते. कापसाचे भाव पडले होते, बाजाराचा दिवस असूनही रस्ता ओस होता. आमच्या गावाजवळच्या पोडावरची, कोलाम आदिवासींच्या वस्तीवरची, गाणारी म्हातारी आठवड्यापूर्वीच वारली होती. तिची गाणी मी वर्षभर बसून टाइप केली होती. कागद वाळवीने खाल्ले, उरली एक फ्लॉपी. नव्या कॉम्प्युटरला तो जुना मराठी फॉन्ट कळेना, नुसती इंग्रजी अक्षरं आणि टिंबं दिसायची. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या चाचांनी कापडाखालचं जुनं मशीन उघडलं आणि पंख्यातला कापूस फुंकून काढला. "लोक हसतात मले, हे भंगार काहून ठेवलं म्हणून," ते म्हणाले. फ्लॉपी कर्र कर्र करत राहिली, आणि पडद्यावर तिचं पहिलं गाणं देवनागरीत उमटलं. प्रिंटर बंद होता, म्हणून मी वहीत भराभर उतरवायला लागले. "लवकर लिवा बाई, लाइट जायची वेळ होऊन राह्यली," चाचा घड्याळ बघत म्हणाले. चौथ्या गाण्याच्या मध्यावर लाइट गेली. परत आली तेव्हा फ्लॉपी काही उघडेना. चाचांनी ती पुसली, फुंकली, पुन्हा पुन्हा घातली. मग माझ्याकडे बघायचंच टाळलं. आज माझ्या घरात असे सहा जुने कॉम्प्युटर आहेत. लोकांना वाटतं, बाईंना छंद आहे. भंगारातून आणखी एक आणला की मी आधी त्यात तीच फ्लॉपी घालते, आणि कान देऊन बसते.