हळदीत निसटलेली पट्टी

माझ्या चुलतसासूबाईंच्या पोटात एखादी गोष्ट टिकली, असं आख्ख्या शहाद्यात कुणी शपथेवर सांगणार नाही. त्यांना आम्ही काकू म्हणतो. कुणाचं दही लागलं नाही, कुणाची सून घोरते, सगळं त्यांच्याकडूनच गल्लीला कळायचं, तेही केळीच्या बागेत हाळी घातल्यासारखं. एकदा एसटीत त्यांनी शेजारच्या अनोळखी बाईला काकांच्या मूळव्याधीची साद्यंत हकीकत ऐकवली. काका मागच्याच सीटवर होते बिचारे! वर मान वळवून त्यांनाच विचारलं, "बराबर शे ना हो?"

अशा बाईच्या हाती माझं गुपित लागावं, म्हणजे कर्मच माझं. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही परदेशात राहायचो आणि दिराच्या लग्नाला घरी आलो होतो. माझ्या शिक्षणाचं शेवटचं वर्ष बाकी होतं. मूल त्यानंतर, असं आम्हा दोघांचं ठरलेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बीपी मोजून, सगळं खोदून विचारून मला गर्भनिरोधक पट्टी दिली होती. दर आठवड्याला नवी, तीन आठवडे झाले की एक आठवडा सुट्टी. सासूबाईंना मात्र नातू हवा होता, तोही लगेच. हे कळतं तर मांडवातच रडारड झाली असती आणि माझं शिक्षण तिथंच संपलं असतं.

हळदीला बायकांनी तेलात कालवलेली हळद एकमेकींना फासली. पट्टीच्या जागी तेल लागू द्यायचं नसतं, पण त्या धिंगाण्यात कोण ऐकतंय? माझ्या दंडावरची पट्टी सटकून पडली ती थेट काकूंच्या पायाशी. त्यांनी ती उचलली आणि माझं पांढरंफटक तोंड पाहिलं.

"काय शे हाई?" सासूबाईंनी विचारलं. झालं, मेले मी!

"मन्ही कंबरनी पट्टी शे," काकू म्हणाल्या, आणि पदर सारून ती कमरेवर थापलीसुद्धा!

मी त्यांना ओढतच आतल्या खोलीत नेलं. "आधी काढा ती! तुम्हाला बीपी आहे काकू, तुमच्यासारखीला यानं रक्तात गुठळी व्हायची भीती!" पट्टी सोलून काढली. मग माझं पोट साबणानं धुऊन, कोरडं करून तिथं नवी लावली आणि सगळं सांगून टाकलं. कातडीतून औषध रक्तात जातं आणि बीज बाहेर पडू देत नाही. निघाली तर लगेच नवी लावायची. दिवसभराहून जास्त पट्टीशिवाय राहिलं तर नवी लावून आठवडाभर निरोधही वापरायचा.

"म्हंजे पोर कव्हय, ते तू ठरावस?"

"मूल कधी, ते आम्ही दोघं ठरवतो."

काकू पलंगावर बसल्या. "माले मास्तरीन व्हवानं व्हतं वं," त्या म्हणाल्या. "मंग लगीन झायं, पोरं झायात. गोड शेतस मन्हा पोरं. पन माले कोन्ही इचारं नही."

मला गलबलून आलं. मी त्यांच्या कपाळावरची हळद पुसू लागले. तेवढ्यात बाहेरून सासूबाईंनी हाक मारली. काकू उठल्या, साडी झटकली आणि दार उघडता उघडता म्हणाल्या, "तू शिक. तुन्ही सासूले मी देखी लिसू."